शिट्टी वाजली की आ करायचं

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

पोहोचले एकदाची. दोनसाकहून सुटलेली बोट थाँग सालाच्या धक्क्याला लागेपर्यंत अर्ध्या लोकांच्या हातात उलटीच्या पिशव्या होत्या. माझी कोरी राहिली, याचा उगाच अभिमान वाटला. थायलंडच्या आखाताच्या बाजूला नोव्हेंबर म्हणजे ऐन पावसाचा महिना. ईशान्येचं वारं येतं, समुद्र खवळतो. पलीकडे फुकेतला आत्ता कुठे उघडीप होऊन सीझन सुरू होतोय. शहाणी माणसं तिकडे गेली. मी पौर्णिमेला किनाऱ्यावर होणाऱ्या ‘फुल मून पार्टी’साठी को फांगान बेटावर आले.

धक्क्यावरून सोंगथेव पकडली. सोंग म्हणजे दोन, थेव म्हणजे रांग. पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाकं टाकली की झाली गाडी. हाद रिन, म्हणजे पार्टीचा किनारा, बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि तिथे जाणारा रस्ता असा चढतो-उतरतो की बाकावरचे सगळे एकदा ड्रायव्हरकडे घसरतात, एकदा मागच्या पायरीकडे. बाजूने भाड्याच्या स्कूटरवरून उघडी पोरं जात होती. गुडघ्याला बँडेज, कोपराला बँडेज. पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला की त्याला इथे ‘थाय टॅटू’ म्हणतात म्हणे. दोन तर मी वाटेतच मोजले.

हॉस्टेलवाले पौर्णिमेच्या आठवड्यात पाच रात्रींच्या खाली बुकिंगच घेत नाहीत. आठ जणांची डॉर्म, मला वरचा बंक. शिडीचा तिसरा दांडा हलतो. लॉकर आहे पण कुलूप आपलं आपण आणायचं. माझ्याकडे आईने कपाटातून काढून दिलेलं पितळी कुलूप आहे, चांगलं मुठीएवढं. ते बघून खालच्या बंकवरच्या डच मुलीने विचारलं, तू काय बँक घेऊन फिरतेस का?

वय छत्तीस. डॉर्ममध्ये सगळ्यात मोठी मीच. बाकीचे सगळे एकोणीस ते चोवीस.

बुधवार, १३

इथे ओळख करून घ्यायला तीन प्रश्न पुरतात. कुठली, आधी कुठे होतीस, पुढे कुठे. नाव चौथं येतं आणि तेच सगळ्यात आधी विसरतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच: वर चिआंग माई, तिथून सरहद्दीवर जाऊन मेकाँगमधून दोन दिवसांची संथ बोट, लाओसमधलं लुआंग प्राबांग, वांग व्हिएंग, मग हनोई. पंढरीच्या वाटेसारखी ठरलेली वाट आहे. मुक्कामसुद्धा ठरलेले. गेल्या मुक्कामाला भेटलेला माणूस पुढच्या मुक्कामाला हमखास भेटतो आणि मग त्याला मिठीच मारायची असते.

रात्री आठला शिट्टी वाजते. वाजवणारा बावीस वर्षांचा ब्रिटिश मुलगा. चार तास काम करायचं आणि बदल्यात बेड फुकट, असा त्याचा करार. पगार नाही. त्याच्या हातात सॉसची असते तशी, लाल टोपीची पिळायची बाटली असते. शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाकांवर बसून मान मागे टाकायची आणि आ करायचं. तो रांगेने प्रत्येकाच्या तोंडात एक चिळकांडी मारत जातो. पोलिओच्या डोसची आठवण झाली. फरक इतकाच की इथे कोणी रडत नाही.

मीही आ केलं. गोड, जळजळीत, लिंबाचा वास. फुकट होतं.

त्यानंतर बिअर पाँग, मग फ्लोरोसंट रंग. एकमेकांच्या गालावर ठिपके काढायचे. माझ्या गालावर डच मुलीने पान काढलं. जीभ बाहेर काढून, भान हरपून काढत होती. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याला इतका वेळ, इतक्या जवळून हात लावायची दुसरी कुठली जागा असेल? मला वाटतं हे लोक दारूपेक्षा यासाठीच येतात. दारू काय, सगळीकडे मिळते.

आईचा फोन आला तेव्हा तिकडचे साडेनऊ, इकडचे अकरा. मागे तो सगळा धिंगाणा. ‘बायकांची खोली वेगळी आहे ना?’ मी हो म्हटलं. पाचपैकी चार बंकवर मुलीच आहेत, असं मनातल्या मनात गणित जुळवलं. बाकीचे तीन बंक त्यात धरले नाहीत.

शनिवार, १६, सकाळचे सात

काल लिहिणं शक्यच नव्हतं.

सकाळी पाऊस. दुपारी पाऊस. चारला थांबला तसे किनाऱ्यावर बादल्यांचे स्टॉल लागले. बादली म्हणजे खेळण्यातली असते तशी खरीच छोटी प्लॅस्टिकची बादली. तिच्यात सँगसॉमची चपटी बाटली, कोकचा कॅन आणि क्रातिंग देंगची काचेची कुपी. सँगसॉमला इथे सगळे व्हिस्की म्हणतात, पण ती उसाची रम आहे. क्रातिंग देंग म्हणजे तांबडा गवा. याच थाय पेयावरून एका ऑस्ट्रियन माणसाने पुढे रेड बुल काढलं, पण मूळ पेयाला फेस नसतो आणि ते औषधाच्या सिरपसारखं घट्ट गोड लागतं. सगळं बर्फावर ओतून चार स्ट्रॉ खोचतात. चार स्ट्रॉ म्हणजे चार माणसं असा हिशेब असावा. प्रत्यक्षात दर हाताला एक बादली होती.

काल इथे लॉय क्राथाँग हा थाय सणसुद्धा होता. हाद रिनला दोन किनारे आहेत, मधे जेमतेम दहा मिनिटांचं चालणं. पूर्वेच्या किनाऱ्यावर जत्रा भरायची होती. संध्याकाळी मी पश्चिमेच्या शांत बाजूला गेले, तर गावातली कुटुंबं केळीच्या खांबाच्या चकत्यांवर पानं दुमडून केलेल्या होड्या घेऊन आलेली. आत फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. एका आजीने नातवाच्या होडीत त्याच्या नखाचा तुकडा टाकला. पाण्याच्या देवीची वर्षभराच्या घाणीबद्दल माफी मागायची असते. त्या देवीचं नाव फ्रा मे खोंगखा. खोंगखा म्हणजे आपली गंगाच. तेवढ्यात आईचा मेसेज: त्रिपुरी पौर्णिमा आहे, दिवे लावलेत. सोबत फोटो. मी तिला होडीचा फोटो पाठवला. त्यानंतरचा एकही पाठवला नाही.

रात्री दहापासूनचं नीट क्रमाने आठवत नाही. किनाऱ्यावर दर पन्नास पावलांवर वेगळे स्पीकर. दोन गाण्यांच्या मधे उभं राहिलं तर छातीत दोन ठोके चालतात. रॉकेलमध्ये भिजवलेला जळता दोर दोघं जण फिरवतात आणि पोरं त्यात दोरीवरच्या उड्या मारतात. एकाच्या पायाला गुंडाळला गेला. ओरडला, हसला, समुद्राकडे पळाला. पाणी गुडघ्यापर्यंतच खेळण्यासारखं होतं. त्यापुढे लाटा उभ्या येत होत्या. आणि त्या गुडघाभर पाण्यात पुरुषांची रांग का उभी आहे, हे कळल्यावर मी पाय बाहेर काढले.

चंद्र तासभरच दिसला. ढगातून बाहेर आला तेव्हा सगळा किनारा एकदम ओरडला. मी पण ओरडले. घसा बसला आहे.

ऐंशीच्या दशकात म्हणे इथल्या काही झोपड्यांसमोर मूठभर लोकांनी हे सुरू केलं. आता हे कॅलेंडरने चालतं. बौद्ध सणाच्या पौर्णिमेला दारूविक्री बंद असते, म्हणून तेव्हा चंद्राला एक दिवस थांबवतात. हॉस्टेलच्या फळ्यावर वर्षभराच्या तारखा खडूने लिहिल्या आहेत.

शनिवार, संध्याकाळ

दुपारी बाराला डॉर्म साफ करायला म्यानमारची बाई येते. इथली बरीचशी अशी कामं तिकडून आलेली माणसंच करतात. तिच्या दोन्ही गालांवर थनाका असतो. झाडाची साल दगडावर पाण्यात उगाळून लावायची, उन्हासाठी. आपण चंदन उगाळतो तसं. आज आमच्या सगळ्यांच्या गालांवर कालचा हिरवा-गुलाबी रंग फाटून लोंबत होता आणि तिच्या गालांवर ते दोन नीट पिवळसर गोल. उशांच्या अभ्र्यांवरचा रंग तिलाच धुवायचा आहे.

कोपऱ्यातल्या बंकवरचा कॅनेडियन मुलगा सकाळपासून निपचित. ती त्याच्यापाशी थांबली. झाडू टेकवून उभी राहिली, त्याच्या छातीकडे बघत. बराच वेळ. मग झाडूच्या दांड्याने त्याच्या तळव्याला टोचलं. त्याने पाय ओढून शिवी दिली. ती पुढच्या बंककडे गेली. तिथेही तसंच.

आम्ही सगळे हसलो. डच मुलगी म्हणाली, प्रेतं मोजतेय.

रविवार, १७

निघाले. खरं तर आणखी दोन दिवस राहिले असते, पण आज हॉस्टेलचं भाडं निम्म्यावर आलं आणि गर्दीही. नव्या माणसांचे तेच तीन प्रश्न ऐकवेनात. ब्रिटिश मुलाचा फळा पुसायचा चालला होता.

डच मुलगी थेट लाओसला जातेय. तिचं नंबरचं कुलूप समुद्राच्या हवेने गंजून अडकलं, म्हणून मी माझं पितळी देऊन टाकलं. दोन्ही किल्ल्यांसकट. ती म्हणाली, आता बँक माझी.

शनिवार, २३, घरी

आठवडाभर वांग व्हिएंगच्या बातम्या वाचते आहे. मिथेनॉल, दारूत मिसळलेलं विषारी अल्कोहोल. काल मृतांचा आकडा सहा झाला: डेन्मार्कच्या दोन मुली, ऑस्ट्रेलियाच्या दोन, एक ब्रिटिश बाई, एक अमेरिकन पुरुष. चारही मुली विशीच्या आतबाहेरच्या. फुकट शॉटचा उल्लेख बातम्यांत येतोय. नेमकं कुठल्या ग्लासातून गेलं, ते अजून कोणी ठरवलेलं नाही.

हे विष मला नवं नाही, हे माझं मलाच आठवलं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला गावठी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. तेव्हा मी पेपरचं पान उलटून पुढचं वाचलं होतं. ‘विषारी दारू’ हे शब्द माझ्या डोक्यात गावठीच्या पिशव्या आणि झोपडपट्टीपाशीच राहिले होते. पिळायच्या बाटलीपर्यंत ते कधी आलेच नाहीत.

वाचलं ते असं. चवीवरून ओळखता येत नाही. पिताना काही होत नाही. शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं, त्याला वेळ लागतो. बारा तास, कधी चोवीस. मग डोकेदुखी, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं. लवकर दवाखान्यात पोहोचलं तर उपाय आहे. पण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या डॉर्ममध्ये डोकेदुखी आणि उलट्या कोणाला नव्हत्या? कोण कोणाला घेऊन दवाखान्यात गेलं असतं? आम्ही तर उलट जो जास्त वेळ पडून राहील त्याचे फोटो काढत होतो.

एक बाई मात्र रोज बाराला येऊन छात्या बघत होती. तिला कोणी सांगितलं होतं, की कधी काही बघितलं होतं? विचारायला आमच्यात भाषा नव्हती. खरं सांगायचं तर मी प्रयत्नही केला नव्हता.

मी तीन वेळा आ केलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बॅगेला मुठीएवढं कुलूप लावून, किल्ली गळ्यात घालून. बाटलीवर लेबल होतं का, ते डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करते. लाल टोपीच आठवते. त्या मुलाने ती कुठून भरली, हे बहुतेक त्यालाही माहीत नसेल. त्याला शिट्टी आणि बाटली दिली होती. पुन्हा गेले तर सीलबंद बाटली समोर फोडायला लावीन आणि सगळे ‘बोअर’ म्हणून ओरडतील, हेही दिसतं आहे.

डॉर्मचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे. गुरुवारी कॅनेडियन मुलाने लिहिलं: लाओसमध्ये कोण कोण आहे? हात वर करा. एकेक करून उत्तरं आली. हनोई. चिआंग माई. घरी. घरी. बँकॉक, आजारी, पण साधं पोट बिघडलंय. डच मुलीचं काहीच नाही. एकच टिक.

आज रात्रीही एकच टिक.

रविवार, २४

पहाटे चारला फोन वाजला. ग्रुपवर तिचा फोटो: बॅग, चेनवर आईचं पितळी कुलूप. खाली लिहिलेलं: जिवंत आहे. फोन बॅगेत, दोन्ही किल्ल्या बसमध्ये राहिल्या, चार दिवसांनी आज कोणाचा तरी फोन मागितला. हे तुमचं कुलूप तोडतात कसं?

आईला विचारून सांगते, असं लिहिलं.