आषाढ अवस, १७ जुलै

पाऊस पडवीत शिरत होता म्हणून त्या सोमवारी परिपाठ चौथीच्या वर्गात घेतला. पहिली ते चौथीची सगळी मुलं एका खोलीत दाटीवाटीने उभी. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली आणि चौथीतला एक मुलगा पंचांग वाचायला पुढे आला. "आज १७ जुलै २०२३. वार सोमवार. तिथी आषाढ अमावास्या."

मग दिनविशेष. तो आदल्या रात्री आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. मी वहीत उतरवून घेते आणि सकाळी फळ्यावर लिहिते. त्या दिवशीचा असा होता : आंतरराष्ट्रीय न्याय दिन. १९५५, अमेरिकेत डिस्नेलँड सुरू झाले. १९७५, अमेरिकेचे अपोलो आणि रशियाचे सोयूझ ही याने अंतराळात जोडली गेली. १९७६, माँट्रिऑल ऑलिंपिकचे उद्घाटन. मुलगा 'सोयूझ'ला अडखळला, पण वाचून पुरं केलं. मी शाबासकी दिली.

शाळा अलिबाग तालुक्यातली, रेवस-मांडवा-सासवण्याच्या पट्ट्यातली. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. उघडीप असली तर पलीकडची मुंबईही दिसते. माझं माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं. बदली होऊन मी इथे आले, त्याला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं.

पोषण आहार शिजवणाऱ्या काकी तांदळाचं ताट घेऊन दारात थांबल्या होत्या. परिपाठ संपता संपता म्हणाल्या, "बाई, आज आषाढ अवस ना? मंग रामदासचं नाव कसं नाय आलं?"

साताऱ्याच्या माणसाला रामदास म्हटलं की सज्जनगडच आठवणार. मी म्हणाले, "काकी, दासनवमी माघात असते."

"ते रामदास नाय. रामदास बोट. आमच्या सासऱ्यांची आत्या तिच्यात गेली."

वर्गात कोणालाच नवल वाटलं नाही. चौथीची मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या पणजोबांचे भाऊ पण." दुसरीतला एक जण म्हणाला की त्याच्या घरी आज समुद्राकडे तोंड करून दिवा लावतात. ती दिव्यांची अवस. घरोघरी दिवे घासून पाटावर मांडायचा दिवस. हा जास्तीचा एक दिवा कशाचा, हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

तरी माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. मी काकींना समजावू लागले, की दिनविशेष तारखेने असतो, तिथीने नसतो. अमावास्या दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. बोट बुडाली ती तारीख वेगळी असणार, ती आली की आपण नक्की वाचू. काकी म्हणाल्या, "तारीख काय ती आमाला नाय ठावं. आमच्याकडं तिथीला पान वाढतात." आणि त्या चुलीकडे गेल्या.

मोबाइलला रेंज फक्त खिडकीपाशी येते. तिथे उभी राहून मी शोधलं. रामदास आगबोट, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना बुडाली, १७ जुलै १९४७.

मी तारीख पुन्हा वाचली. मग फळ्याकडे बघितलं. तिथे माझ्याच अक्षरात १७ जुलै लिहिलेलं होतं आणि खाली डिस्नेलँड होतं.

गणित हा माझा आवडीचा विषय आहे, म्हणून पुढचं तेव्हाच सुचलं. तिसरी-चौथीच्या मुलांना २०२३ मधून १९४७ वजा करायला लावले. ७६ आले. ७६ ला १९ ने भागा म्हटलं. बरोबर चार वेळा भाग गेला. सूर्याची १९ वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ सारखे भरतात, त्यामुळे दर १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा एकमेकींना गाठतात. १९४७ साली आषाढानंतर अधिक श्रावण होता आणि २०२३ सालीही तसाच. काकी तिथीने बोलत होत्या, मी तारखेने अडून बसले होते आणि त्या सकाळी दोघींचा दिवस एकच होता.

मधल्या सुट्टीत काकींचे सासरे शाळेत आले. सुनेने निरोप धाडला असावा. वय पंच्याऐंशीच्या घरात, कमरेला उपरणं, हातात छत्री. मुलं त्यांना आजोबा म्हणतात, मीही म्हणते. त्यांना खुर्ची दिली, पण ते खिडकीच्या कट्ट्यावरच टेकले.

ते सांगत होते ते आणि मी नंतर वाचलं ते, दोन्ही एकत्र करून लिहिते.

रामदास ही मुंबई-रेवस मार्गावरची आगबोट. १९३६ साली बांधलेली, म्हणजे तशी नवीच. तेव्हा या भागातून मुंबईला जायचं तर समुद्र हाच रस्ता. १७ जुलैच्या त्या गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून निघाली. आषाढ सरत होता, गटारी तोंडावर, मुंबईतली माणसं गावी येत होती. काशाच्या खडकाजवळ वाऱ्यापावसात बोटीत पाणी शिरलं, माणसं घाबरून एका बाजूला धावली, मोठी लाट आली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले, तीही पोहून वाचलेल्या माणसांकडून. गावात सांगतात की रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतली आणि त्या जागी माणसं घेतली.

आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांची आत्या मुंबईहून येणार होती. येताना त्यांच्यासाठी पाटी आणणार होती, कारण जुनी फुटली होती. "मी धक्क्यावर जायचा हट धरला," ते म्हणाले. "आय म्हणाली, पाऊस हाय, नको. दुपारी मानसं धावाया लागली. मंग आमाला पोरांना घरात कोंडलं. चार दिस किनाऱ्याला जाऊ दिलं नाय." का जाऊ दिलं नाही ते त्यांनी पहिलीतल्या मुलांकडे बघून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आत्या सापडली नाही.

"पाटीचं काय झालं?" दुसरीतल्या मुलाने विचारलं.

"नंतर बापानं आणली. मी नाय घेतली हातात."

खोलीत पावसाचा आवाज तेवढा राहिला. जुलै १९४७ हा महिना मी दर वर्षी शिकवते. १८ तारखेला भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्यावर इंग्लंडच्या राजाची मंजुरी, २२ तारखेला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला, मग १५ ऑगस्ट. बोट बुडाली ती त्या कायद्याच्या आदल्या दिवशी, स्वातंत्र्याच्या एकोणतीस दिवस आधी. ती माणसं पंधरवडा-महिनाभर राहायला गावी निघाली असतील, काहींनी झेंडावंदनाचे बेतही केले असतील. त्यांच्याविषयी पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही म्हणून मी रागावत नाही, पुस्तकाला जागा कमी असते. पण वर्गाच्या खिडकीतून जे पाणी दिसतं त्याच्याविषयी माझ्या फळ्यावरही ओळ नसावी, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आजोबांना मी विचारलं, तुम्ही तारीख कधी लक्षात का नाही ठेवली?

ते म्हणाले, "तारखेवरून दर्या कळतो का?"

आणि मग त्यांनी मुलांना एक हिशेब सांगितला. मुलांमधल्या दोघा-तिघांना तो घरून ठाऊक होता. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. शिवाय अवस-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढणारं पाणी. पंचांगात तिथी बघितली की पाणी किती चढणार, केव्हा चढणार, होडी धक्क्याला लागेल की चिखलात रुतेल, सगळं कळतं. १७ जुलैवरून यातलं काहीच कळत नाही.

मी त्या गुरुवारचा हिशेब फळ्यावर मांडायला लावला. चतुर्दशी सरून अमावास्या लागली तो दिवस. चौदाचे साडेदहा, पंधराचे सव्वाअकरा. म्हणजे बोट निघाली तेव्हा उधाणाची भरती चढत होती, वरून आषाढातला वारा. एक मुलगी खडू हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मग आठ वाजता का सोडली बोट?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजोबांनी मान हलवली.

सव्वाअकराच्या थोडं पुढेच आजोबा म्हणाले, "आता बघा." सगळी मुलं खिडकीला लोटली. बंधाऱ्याच्या वरच्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, गढूळ, फेसाळ. सकाळी परिपाठाला तिथे दगड उघडे होते. रोज समोर असून मी ते कधी असं पाहिलं नव्हतं.

दुपारी खिचडी झाल्यावर आम्ही एक दोनशे पानी वही काढली. ठरलं असं, की गटावर येतो तो दिनविशेष फळ्यावर राहील. न्याय दिनही हवा आणि अपोलो-सोयूझही हवं, मुलांना जग कळायला हवं. पण या वहीत आपल्या किनाऱ्याचे दिवस लिहायचे. डाव्या पानावर तारीख, उजव्या पानावर तिथी. रायगडावर शिवराज्याभिषेक ६ जूनलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही, हे मुलांना माहीत होतं, त्यामुळे एका दिवसाला दोन पानं हे त्यांना लगेच पटलं.

पहिलं पान अर्थातच रामदासचं. मग मुलं सांगत गेली, मी भर घालत गेले. ४ जुलै १७२९, अलिबागला कान्होजी आंग्रे यांचं निधन. २० मार्च १९२७, महाडचं चवदार तळं. ३ जूनला फळ्यावर माउंटबॅटन योजना येते. वहीत निसर्ग वादळ आलं, २०२०, शाळेचे पत्रे उडाले तो दिवस. हे लिहायला सगळ्यांचेच हात वर होते. २६ जुलैला कारगिल विजय दिवस. वहीत त्याच्याखाली २००५ सालची अतिवृष्टी, महाड तालुक्यातलं दासगाव आणि जुई, जिथे दरड घरांवर आली. ११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन. त्याच तारखेला १९२७ साली जयंती आणि तुकाराम या दोन आगबोटी बुडाल्या होत्या. रामदासच्या वीस वर्षं आधी. हे मला त्या दिवशी शोधताना प्रथम कळलं. आजोबांना दोन्ही नावं माहीत होती. त्यांच्या आईच्या तोंडी असत म्हणाले.

काकींनी वही हातात घेतली. त्यांना वाचता येतं, पण सावकाश. रामदासचं पान बोट फिरवत वाचलं आणि म्हणाल्या, "आत्याचं नाव घाला." घातलं. इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे.

संध्याकाळी मी भाड्याच्या खोलीवर दिवे घासले. माझ्याकडे दोनच समया आहेत आणि एक निरांजन. निरांजन खिडकीत ठेवलं.

इतकंच सांगायचं असतं तर इथे थांबले असते.

दोन दिवसांनी, बुधवारी, फळ्यावर जयंत नारळीकरांचा जन्मदिवस होता आणि १९६९ चं बँकांचं राष्ट्रीयीकरण. पाऊस थांबत नव्हता. त्या रात्री आमच्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी, माणसं झोपेत.

शाळा पुन्हा भरली तेव्हा डोंगरावर शोध अजून चालू होता. मी अजून काही बोलले नव्हते. खडू हातात धरून प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीने कपाटातून वही काढली. डाव्या पानावर १९ जुलै २०२३ लिहिलं, मग मला विचारलं, "बाई, तिथी?"

कालनिर्णय बघून सांगितलं, अधिक श्रावण शुद्ध द्वितीया.

"अधिक श्रावण पुढच्या वर्षी नसतो ना?"

"नसतो. साधा श्रावण असेल."

तिने तिथी लिहिली. वाडीचं नाव लिहिलं. खाली बरीच जागा सोडून पान उलटलं. एवढी जागा कशाला, विचारलं, तर म्हणाली, "अजून शोधतायत ना. सापडली की लिहायची."

शोध थांबवला तोवर २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसं मिळाली नव्हती. हे आकडे मी दुसऱ्या कागदावर लिहून वहीच्या मागे ठेवले आहेत. तिने सोडलेल्या जागेत अजून काही लिहिलेलं नाही.