भूतानला जाताय? आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका

आधीच सांगून टाकतो, भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही हे खरं आहे, पण "काही लागत नाही भाऊ, आधार घ्या अन् निघा" असं जो सांगेल त्याच्या नादी लागू नका. आम्हाला हे सांगणारा इथलाच, नागपूरचा एजंट होता, आणि आम्ही ऐकलं कारण मे महिना, बाहेर 45 डिग्री, त्याच्या ऑफिसात कूलर, उठायची इच्छाच नव्हती.

नागपूरहून गीतांजलीने हावडा, त्याच संध्याकाळी सियालदाहून कांचनकन्या, सकाळी हासीमारा, तिथून सुमो करून जयगाव. इथपर्यंत सगळं भारतात. रस्त्यातच गेट, गेटपलीकडे फुंटशोलिंग म्हणजे भूतान. आत जायला पासपोर्ट (किमान सहा महिने शिल्लक असलेला) नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड, बस. आधार, पॅन, लायसन्स काही चालत नाही. पोराचा पासपोर्ट काढलेला होता म्हणून वाचलो, नसेल तर जन्मदाखला ओरिजिनल घ्या. आमच्या साळ्याकडे फक्त आधार. काउंटरवरच्या बाईने ते हातातही घेतलं नाही, बोटानेच परत सरकवलं आणि म्हणाली, "वोटर कार्ड, सर." वोटर कार्ड नागपूरला, नंदनवनच्या घरी कपाटात, साड्यांखाली. शेवटी तो तिथून दार्जिलिंगला गेला आणि पुढचे चार दिवस आम्हाला चहाच्या मळ्यांचे फोटो पाठवत राहिला, आम्हाला जास्त मजा येतेय की त्याला हेच कळेना.

आता पैशाचं, कारण माझा राग अजून उतरला नाही. भूतान सरकार प्रवाशांकडून एसडीएफ (सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी) नावाचं शुल्क घेतं, भारतीयांना माणशी 1200 रुपये, आणि ते *रात्रीला* आहे, दिवसाला नाही. 6 ते 12 वर्षांच्या पोरांना अर्धं, त्याहून लहान असेल तर माफ. आम्ही चार रात्री, मी, बायको आणि 9 वर्षांचा पोरगा. एजंटने लावले तिघांचे पाच दिवस, पोराचेही पूर्ण, म्हणजे 18000. खरे किती, तर आमच्या दोघांचे 9600 आणि पोराचे 2400, एकूण 12000. सहा हजार सरळ खिशात! हे कळलं कधी, तर पावती हातात आल्यावर, ती पण मी मागितली म्हणून. साळ्याचे वेगळे घेतलेले पैसे परत मागितले तर एजंटचं अजून "उद्या देतो" चाललंय. आत जायच्या परमिटचा अर्ज ऑनलाइन स्वतः करता येतो, फोटो, ओळखपत्र, हॉटेलचं बुकिंग एवढं लागतं, त्यासाठी एजंट कशाला पाहिजे? आणि नागपूरहून स्वतःची गाडी काढायची हौस असेल तर भारतीय गाडीला आत रोजचे 4500 पडतात, आधी हिशोब करा. टॅक्सीच परवडते.

थिम्पू छान आहे, मोठा बुद्ध आहे, फिरा. मुद्द्याचं म्हणजे पारोचं तक्त्संग, कड्यावरचा तो मठ, टायगर्स नेस्ट. सगळे म्हणतात "दोन-तीन तास चढ आहे, सोपं आहे". मी नागपुरात अंबाझरी तलावावर रोज चार किमी चालतो, तरी सांगतो, चढाचं काही नाही, चीडाच्या झाडांत मस्त हवा असते. घोडा घ्यायचा असेल तर घ्या, पण तो शेवटपर्यंत जात नाही आणि उतरताना तर नाहीच. खरी गंमत पुढे. मठ समोर दिसतो, वाटतं आलोच, आणि तिथूनच पायऱ्या *खाली* जातात, धबधब्यापर्यंत, आणि मग परत वर. जाऊन येऊन सातशेच्या वर पायऱ्या, त्या पण 3000 मीटरवर आणि नागपूर आहे 310 वर! परतताना त्याच उतरणीच्या पायऱ्या चढायच्या असतात हे डोक्यात आलं तेव्हा मी तिथेच बसलो, एक सत्तरीच्या भूतानी आजी पाठीवर पिशवी घेऊन बाजूने निघून गेल्या, माझ्याकडे बघितलं पण नाही. गुडघे दुखत असतील तर वाटेतल्या कॅफेटेरियापर्यंत जा, मठ तिथून दिसतो, चहा प्या आणि परत या, कोणी काही म्हणत नाही. आणि पहिल्याच दिवशी तक्त्संग ठेवू नका, शेवटी ठेवा, थिम्पूत दोन दिवस श्वास जमू द्या.

मठात हाफ पँट चालत नाही. पोरगा नेमका हाफ पँटवर, तर बायकोची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून आत नेला. मोबाईल, बॅग बाहेर लॉकरमध्ये, आतले फोटो विसरा.

कॅश घेऊन जा. त्यांचं नगुल्ट्रुम आणि आपला रुपया सारखाच, आपल्या नोटा दुकानदार घेतात, पण उरलेले नगुल्ट्रुम जयगाव सोडलं की भारतात कोणी घेणार नाही, तिथेच संपवा. यूपीआय 2021 पासून सुरू आहे म्हणतात, आम्हाला दोन ठिकाणी चाललं, बाकी सगळीकडे नाही. घड्याळ अर्धा तास पुढे करा, आम्ही पहिल्या सकाळी टॅक्सीवाल्याला वाट बघायला लावली.

जेवण, एमा दात्शी म्हणजे मिरच्यांची भाजी चीजमध्ये, मिरची ही तिथे भाजी आहे, मसाला नाही. तिखट आहे म्हणून घाबरवतात, सावजी खाल्लेल्या माणसाने निवांत मागवावी. बायको शाकाहारी, तिचं चार दिवस त्यावर आणि लाल भातावर भागलं.

परतीला हासीमाऱ्यावर गाडी तीन तास लेट होती आणि साळा आधीच प्लॅटफॉर्मवर बसला होता, हातात दार्जिलिंगचा चहा, म्हणे, "जावईबापू, पायऱ्या होत्या का हो?"