पालापाचोळ्यातली पाल

मागच्या जुलैत ताम्हिणीकडे मित्राच्या गावी राहिलो होतो तेव्हाची गोष्ट, लिहायची राहूनच गेली. रात्री दहाला पाऊस जरा थांबला म्हणून टॉर्च घेऊन घरामागच्या पायवाटेनं खाली गेलो, खरं तर बेडूक बघायला. ओढ्याच्या अलीकडे दगडी बांध आहे, तिथे भिजलेल्या पाचोळ्यावर बोटभर लांबीचं काहीतरी गडद चॉकलेटी, त्यावर पिवळट आडवे पट्टे. आधी वाटलं सापाचं पिल्लू, मग पाय दिसले.

मी लगेच ऐटीत जाहीर केलं, लेपर्ड गेकोचं पिल्लू! ग्रुपवर फोटोही टाकला. पण अंथरुणावर पडल्यावर शंकेची पाल चुकचुकायला लागली (आता यापेक्षा वेगळं काय म्हणणार), कारण लेपर्ड गेको म्हणजे कोरड्या माळावरची, दगडधोंड्यांतली पाल, ती इथे धो धो पावसात दाट झाडीत काय करतेय?

मग फोटो झूम करून बसलो. पट्टे दोघींनाही असतात, पट्ट्यांवर गेलात की फसलात. डोळे बघा. लेपर्ड गेकोला आपल्यासारख्या उघडझाप होणाऱ्या पापण्या असतात, हिला नव्हत्याच, नुसती काचेसारखी गोटी आणि मधे उभी चीर. शेपटीही गाजरासारखी जाड नव्हती. बरं, घरातल्या पालीसारखी भिंतीला चिकटणारी रुंद बोटं? तीही नाहीत, बारीक काटकुळी बोटं आणि टोकाला नखं. म्हणजे ही डेक्कन ग्राउंड गेको, शास्त्रीय नाव सिर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस, प्राणिशास्त्रज्ञ गुंथरनं 1864 मध्ये नाव दिलेली, आपल्या उत्तर सह्याद्रीतलीच. दक्षिणेला गोवा-कर्नाटकाकडे हिची एक बहीण आहे, अल्बोफॅसिएटस, पण ती इथली नाही. ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेलो तर तोवर अकरा जणांनी अंगठे दिले होते, काय बोलणार.

सकाळी चहा पिताना काकूंना फोटो दाखवला. "आरं, ही व्हय! राबाला पाला गोळा करताना निघती की कवाकवा. लई इखारी असती." विषारी नाही हो काकू, आपल्याकडची कुठलीच पाल नसते, असं मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि सुनेला सांगितलं की पोरांना बांधाकडं जाऊ देऊ नको. पण पत्ता त्यांनी बरोबर सांगितला होता. दिवसभर ही पाल पाचोळ्याखाली नाहीतर दगडाच्या फटीत पडून असते, रात्री बाहेर येऊन जमिनीवरच किडे टिपते. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, सगळा पाला झाडून नेला की खालची जमीन उघडी, मग हिनं राहायचं कुठे? बांधाच्या कडेला पाला तसाच पडला होता, कदाचित म्हणूनच दिसली.

दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो, टॉर्चवर पिवळा जिलेटिन कागद लावून. त्याच बांधाशी, कालच्यापेक्षा हातभर डावीकडे, ती होतीच. डोळ्यावर पावसाचा थेंब पडला तशी जीभ काढून डोळाच पुसला तिनं आणि पानाखाली गेली.