डॅनिश सिम्फनी आणि निसर्गचित्रं: जोड्या कुठवर जुळल्या

डॅनिश सिम्फनी ऐकताना समोर कोणतं डॅनिश निसर्गचित्र ठेवावं, अशा जोड्या जुळवणं चालू आहे. संगीतकार नील्स गाडेची पहिली सिम्फनी आणि चित्रकार लुंडब्यूचं ‘डॅनिश किनारा’ ही जोडी आता पक्की. चित्र १८४३चं, डेन्मार्कच्या शेलंड बेटावरच्या इसेफ्योर्ड या खाडीच्या काठावरचं. सिम्फनीही त्याच वर्षी मार्चमध्ये मेंडेल्सोनने लाइप्झिगला पहिल्यांदा वाजवली. सिम्फनीच्या मथळ्यात ‘शेलंडची सुंदर मैदानं’ आहेत म्हणून सपाट शेतांची चित्रं शोधू नका. सिम्फनी ज्या गाण्यावरून आली, ते राजा वाल्देमारच्या शिकारीचं आहे. चित्र प्रत्यक्षात अडीच मीटर रुंद, तेव्हा मोबाइलवर नको. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या साइटवरून मोठी प्रत उतरवा.

जोडी विषयावरून लावली की हमखास फसते. क्षितिजावरून लावा. चित्रात क्षितिज खालून किती टक्क्यांवर आहे ते मोजा, मग संगीतातलं क्षितिज, म्हणजे खर्जातला धरून ठेवलेला स्वर, किती वेळ टिकतो आणि कुठे सुटतो ते स्वरलिपीत खूण करून ठेवा. डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनच्या स्वरलिपींच्या समग्र आवृत्तीच्या पीडीएफ डेन्मार्कच्या रॉयल लायब्ररीकडून फुकट मिळतात. तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला हा स्वर चटकन सापडतो, पण तो सुटल्याचंही तितकंच लक्ष ठेवावं लागतं.

सध्या सगळ्यात रंगलेलं काम म्हणजे नील्सनच्या तिसऱ्या सिम्फनीचा, ‘एस्पान्सिवा’चा, दुसरा भाग, ‘आंदांते पास्तोराले’, आणि चित्रकार एल. ए. रिंगचं ‘रोस्किल्ड फ्योर्डवरचा उन्हाळी दिवस’ (१९००). शेवटाकडे ई-फ्लॅट या स्वरावर सगळं थबकतं आणि सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) व बॅरिटोन (मध्यम पट्टीचा गायक) शब्दांशिवाय, नुसत्या ‘आ’कारात गातात. रिंगच्या पाण्यातही असंच काही घडत नाही. तरी नजर हलत नाही. ध्वनिमुद्रण निवडताना गायक आहेत ना ते तपासा. त्यांच्या जागी क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन वापरायची मुभा नील्सननेच दिली आहे, पण मग सगळी जादू जाते.

नील्सनचीच ‘हेलिओस’ ही वाद्यवृंदरचना यादीतून बाद. १९०३मध्ये अथेन्सला लिहिलेला तो एजियन समुद्रावरचा सूर्य. डॅनिश धुक्याशी त्याचं जमत नाही. तरी ऐकायचंच असेल तर हेडफोन लावा. सुरुवातीचा चेलोचा खालचा ‘सी’ स्वर साधारण ६५ हर्ट्झचा, लॅपटॉपच्या स्पीकरवर तो जवळजवळ गायब होतो. काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवलात तर पुढे ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा ताफा, कान फोडतो.

नील्सनचा ‘फ्यूनचा वसंत’ आणि त्याच फ्यून बेटावरच्या फोबोर्ग गावचे चित्रकार ही जोडी सोपी, सगळेच लावतात. पुढचा नंबर चित्रकार हॅमरशॉयच्या, लायर्‌ या गावच्या निसर्गचित्राचा (१९०५). क्षितिज इतकं खाली की ढगांनाच सूर द्यावा लागेल. त्यासाठी तूर्त संगीत सापडलेलं नाही.