समासातला ‘म’ आणि ‘प’

बैठकीत कोण काय म्हणालं ते लिहून काढायचं, गेली अकरा वर्षं माझं काम एवढंच. टेबलाभोवती चौदा देशांची माणसं आणि मिनिट्स इंग्रजीत. त्या चौदांत इंग्रजी मातृभाषा असणारे दोघंच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. खर्चाचा विषय निघाला होता आणि एका शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणाले, “वुई विल बेअर द कॉस्ट.” मी जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या बैठकीत त्यावरून अर्धा दिवस खडाजंगी. ‘वुई’ म्हणजे त्यांचा देश, की टेबलाभोवतीचे सगळे? गृहस्थ म्हणाले, मी सगळ्यांबद्दल बोलत होतो. बाकीच्यांनी साहजिकच उलटं ऐकलं होतं. मिनिट्स चाळून उपयोग नव्हता, कारण इंग्रजी ‘वुई’च्या पोटात दोन्ही अर्थ मावतात. मराठीत हे भांडण झालंच नसतं. ‘आम्ही भरू’ आणि ‘आपण भरू’ यातला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो.

तेव्हापासून ‘वुई’ कानावर पडलं की मी वहीच्या समासात बारीक ‘म’ किंवा ‘प’ लिहिते. (‘आ’ लिहून भागत नाही, दोन्हींची सुरुवात तीच.) कळलं नाही तर हात वर करते.

म्हणून मराठीला कार्यभाषा करा असं मी म्हणत नाहीये. आपलीही भोकं आहेत. सुरक्षा परिषदेचा 1967 चा 242 क्रमांकाचा ठराव घ्या. इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. पण सगळ्या प्रदेशांतून, की काही? इंग्रजी मसुद्यात ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही, फ्रेंचमध्ये मात्र ‘दे तेरितुआर’ आहे, म्हणजे ‘द’सकट. त्या एका ‘द’वरून अजून वाद घालतात. मी वरचं वाक्य मराठीत लिहिलं तेव्हा ‘द’चा प्रश्न आलाच नाही, कारण आपल्याकडे तो शब्दच नाही. वाद मिटला नाही, नुसता झाकला गेला.

सध्या आमच्याकडे कामकाजाची भाषा कोणती असावी यावर पुन्हा समिती बसली आहे. एकजण म्हणतो, सगळ्यांच्या भाषा घ्या. युरोपीय संघात 24 अधिकृत भाषा आहेत. कोणत्याही भाषेतून दुसरीत जायचं तर जोड्या होतात 552. फिनिशमधून माल्टीजमध्ये थेट नेणारा दुभाषा प्रत्येक वेळी कुठून आणणार? मग भाषण आधी इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये येतं आणि तिथून पुढे जातं. विनोदावर हशासुद्धा लाटांमध्ये येतो. युरोपीय आयोग आतलं काम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मनवर भागवतो. लक्झेंबर्गमधल्या संघाच्या न्यायालयात न्यायाधीशांची बंद दाराआडची चर्चा फ्रेंचमध्ये चालते आणि त्या खोलीत दुभाषा नसतो. ग्रीक न्यायाधीशाला आपलं म्हणणं पटवायचं असेल तर फ्रेंचमध्येच पटवावं लागतं. या खोलीचा विचार मी फार करते.

दुसरा कुणीतरी एस्परांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा काढतोच. त्यातले बहुतेक शब्द युरोपीय मुळांचे, तेव्हा कोरियन माणसाला ती कशी तटस्थ वाटेल?

माझं मत सांगते. टेबलावर कुणाचीच नसलेली भाषा उत्तम. एफ्टा या व्यापारसंघटनेत आइसलँड, लिश्टेनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड हे चार देश आहेत. इंग्रजी त्यांतल्या एकाचीही राज्यभाषा नाही, आणि कामकाज इंग्रजीत. तिथे सगळेच सारखे लंगडे. याउलट शांघाय सहकार्य संघटनेच्या भाषा दोन, रशियन आणि चिनी. तिथे रशिया आणि चीन स्वतःच्या घरात बसून बोलतात, बाकीचे पाहुणे.

आमचे ते इंग्रजी मातृभाषेचे दोघं एकदा विमान चुकल्यामुळे आले नव्हते. तेवढी सरळ बैठक मी दुसरी पाहिली नाही. वाक्यं छोटी, वेग बेताचा. “म्हणजे काय?” असं विचारायला कुणाला लाज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आले, एकाने कोटी केली, बाकीचे अर्धा सेकंद उशिरा हसले. हशा मिनिट्समध्ये लिहीत नाहीत.

पण खरी गोम बोलण्यात नाही, मसुद्यात आहे. चर्चा संपली की कागद त्या दोघांकडे सरकतो, “भाषा तेवढी नीट करा” म्हणून. सगळे अगदी आभार मानून देतात. परत येतो तेव्हा स्वल्पविराम जागच्या जागी असतात, आणि एखाद्या ‘शॅल’चा ‘शुड’ झालेला असतो. बंधन होतं, त्याचा सल्ला झाला. लबाडी असतेच असं नाही, त्यांच्या कानाला ते बरं लागतं. बाकीच्या बाराजणांच्या ते लक्षातही येत नाही, कारण इंग्रजी सुधारलेलं असतं.

म्हणून या वेळी समितीला मी एक सूचना लेखी दिली. भाषा इंग्रजीच राहू द्या, पण मसुदा लिहिणारा हात त्या दोघांचा नको. त्यांनी शुद्धलेखन तपासावं आणि क्रियापदांना हात लावू नये. सूचना वाचली गेली. दोघांतले एक मनापासून म्हणाले, कल्पना छान आहे, फक्त वाक्यरचना जरा सुधारून देऊ का?

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “वुई विल कम बॅक टू धिस.”

सूचनेची दखल घेण्यात आली, असं मिनिट्समध्ये मीच लिहिलं. समासात ‘म’.