आमची वाटचाल : जे ड्रोन नाही ते ओळखताना

डिसेंबर २०१८मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळाची धावपट्टी ड्रोन दिसल्याच्या बातम्यांमुळे बंद ठेवावी लागली. सुमारे हजार विमानफेऱ्या विस्कळीत झाल्या. ड्रोन पाहिल्याच्या शंभरावर नोंदी झाल्या, पण उडवणारा सापडला नाही. आमच्या तिघांच्या डोक्यातून ती गोष्ट जाईना. आमच्यातले दोघे रेडिओवाले, तिसरी मैत्रीण मशीन लर्निंगवाली, म्हणजे उदाहरणं दाखवून संगणकाला ओळखायला शिकवणारी. आमचं म्हणणं एकच होतं : ड्रोन डोळ्यांना दिसो न दिसो, तो रिमोटशी बोलत असेल तर ते बोलणं ऐकता आलं पाहिजे. यातूनच आमची छोटीशी कंपनी उभी राहिली.

बाजारात मिळणारे बहुतेक ड्रोन २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. रिमोटकडून आज्ञा जातात, ड्रोनकडून व्हिडिओ येतो. पंचाईत अशी, की याच पट्ट्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून झिरपणारी ऊर्जाही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच असते. रिसीव्हरचा वॉटरफॉल, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर कधी किती सिग्नल आला हे दाखवणारं सरकतं चित्र, पडद्यावर लावला की हे सगळं एकत्र वाहताना दिसतं. ब्लूटूथचे ठिपके पावसासारखे पडत असतात. ते ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. वायफायचे ठोकळे कधी दाट, कधी विरळ. आणि त्यांच्या मधूनच एखाद्या ड्रोनचा व्हिडिओ रुंद, सलग पट्ट्यासारखा सरकतो, त्याच्या रिमोटच्या आज्ञा आखूड रेघांनी इकडून तिकडे उड्या मारतात. सरावलेल्या डोळ्याला हे कळतं. तेच मशीनला शिकवायचं, एवढं सोपं वाटलं होतं.

पहिलं मॉडेल, म्हणजे नोंदींवरून शिकलेला प्रोग्राम, चाचणीत जवळजवळ चुकतच नव्हतं. आम्ही खूश होतो. मग रिसीव्हर बदलून ते मोकळ्या मैदानात नेलं आणि त्याचे अंदाज पार कोलमडले. कारण शोधायला काही आठवडे गेले. शेवटी मैत्रिणीने वॉटरफॉलच्या चित्रांचा एकेक भाग झाकून मॉडेलला पुन्हा विचारायला सुरुवात केली. ड्रोनचा सिग्नल झाकला तरी उत्तर ‘ड्रोन’च. पण चित्राच्या बरोबर मधोमध असलेली एक बारीक उभी रेघ झाकली, की उत्तर पालटायचं. ती रेघ ड्रोनची नव्हतीच, रिसीव्हरची होती. ड्रोनच्या नोंदी आम्ही एका रिसीव्हरवर घेतल्या होत्या, बिनड्रोनच्या दुसऱ्यावर. मॉडेलने ड्रोन नाही, आमचं यंत्र ओळखायला शिकून घेतलं होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम कडक आहे. एका दिवसाच्या, एका जागेच्या नोंदी एकतर शिकवायला जातील किंवा तपासायला. दोन्हीकडे कधीच नाही. आकडे लगेच खाली आले, पण ते खरे होते.

दुसरा धडा एका सुरक्षारक्षकाने दिला. यंत्र बसवून आठवडाही झाला नव्हता. तो म्हणाला, “साहेब, सारखी घंटा वाजते म्हणून मी आवाज बंद करून ठेवलाय.” आम्ही हिशेब मांडला. दर ०.१ सेकंदाला एक निर्णय, म्हणजे दिवसाला ८,६४,००० निर्णय. त्यातल्या फक्त एक टक्का वेळा जरी उगाच ‘ड्रोन’ म्हटलं, तरी दिवसाला ८,६४० खोट्या घंटा. कागदावरची ९९ टक्के अचूकता त्या माणसाच्या टेबलावर कवडीमोलाची होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मग आम्ही मॉडेलला ‘माहीत नाही’ म्हणायची मुभा दिली, आणि काही सेकंद सलग पुरावा जमल्याशिवाय घंटा वाजवायचीच नाही, असं ठरवलं. घंटा थोडी उशिरा वाजते, पण वाजली की माणूस उठतो.

जागा शोधण्याचं काम मात्र निराळं. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. तीन-चार ठिकाणी रिसीव्हर ठेवून तोच सिग्नल कुठे किती उशिरा पोचला हे मोजलं की जागा काढता येते. पण घड्याळांमध्ये १०० नॅनोसेकंदांची तफावत राहिली, तरी अंतराच्या फरकात ३० मीटरची चूक शिरते. म्हणून प्रत्येक रिसीव्हरचं घड्याळ जीपीएसला बांधलेलं असतं. दुसरा मार्ग अँटेनांच्या रांगेने दिशा काढण्याचा : २.४ गिगाहर्ट्झला त्या एकमेकींपासून सहा सेंटिमीटरवर ठेवाव्या लागतात, आणि एक अंशाची चूक किलोमीटरभर अंतरावर १७ मीटरची होते. हे सगळं गणित आम्ही मशीन लर्निंगकडे सोपवलं नाही. भूमिती आपलं काम चोख करते, तिला करू द्यावं. शिकलेलं मॉडेल आम्ही वापरतो ते सिग्नल सरळ आला की पत्र्याच्या शेडवर आपटून आला, हे ताडायला.

यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की व्हिडिओ ड्रोनकडून येतो आणि आज्ञा रिमोटकडून. दोन्ही वेगळे ओळखले तर उडवणाऱ्याचीही जागा सांगता येते. तो जमिनीवर, भिंतींच्या आड उभा असतो, त्यामुळे त्याचा सिग्नल ऐकणं ड्रोनपेक्षा खूप अवघड जातं. आमचे निम्मे कष्ट अजून तिथेच जातात.

जे होत नाही ते आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. आधी आखून दिलेल्या मार्गाने मुकाट उडणारा ड्रोन आम्हाला ऐकू येणार नाही. युक्रेनच्या युद्धात ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन वापरात आले. आज्ञा आणि व्हिडिओ तारेतून जातात, हवेत काहीच येत नाही. अशा ठिकाणी रडार हवं, कॅमेरा हवा. एका ग्राहकाला ‘सर्व प्रकारचे ड्रोन ओळखू’ असं लिहून हवं होतं. आम्ही ते दिलं नाही, काम गेलं. तेव्हा आम्हाला त्या कामाची फार गरज होती. तरीही तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

काही देशांत आता ड्रोनने आपली ओळख आणि जागा स्वतःच वायफाय किंवा ब्लूटूथवरून प्रसारित करणं बंधनकारक आहे. अमेरिकेत त्या नियमाची कडक अंमलबजावणी मार्च २०२४पासून सुरू झाली. असे ड्रोन आम्हाला फार उपयोगी पडतात, कारण त्यांनी सांगितलेली जागा आणि आम्ही काढलेली जागा शेजारी ठेवून आमची चूक मोजता येते.

आता आम्ही सात जण आहोत. दर आठवड्याला कुणीतरी एक जण रिसीव्हर घेऊन नव्या जागी जातो, तासभर काहीही न उडवता नुसती हवा नोंदवतो आणि परत येतो. फाइलच्या नावात तारीख, जागा, रिसीव्हरचा क्रमांक, आणि शेवटी दोन शब्द : ड्रोन नाही.