दाद वाजवणारा ढोल

हनोईच्या जुन्या पेठेतली हांग बाक म्हणजे चांदीवाल्यांची गल्ली. तिथे ४२ क्रमांकाच्या जुन्या देवळात मी 'का त्रू' ऐकायला गेले. उत्तर व्हिएतनामचं हे बैठकीचं गाणं.

चटईवर तिघंच. मधे गायिका. तीच गाता गाता समोरच्या बांबूच्या पट्टीवर काठ्यांनी ठेका धरते. एका बाजूला लांब दांडीचं, तीन तारांचं दान दाय घेऊन वादक, आणि दुसरीकडे छोटा ढोल घेऊन बसलेले एक आजोबा. मला वाटलं, ते तालाला असतील. तसं नव्हतं. परंपरेनं तो ढोल श्रोत्याचा! कडवं रंगलं की काठी ढोलाच्या कडेवर पडते, 'चाट'. ती दाद. म्हणजे गाण्यातलं आणि कवितेतलं कळत असेल त्यानंच ढोलाला हात घालायचा. 'त्रू' हा शब्दही दादेतूनच आलेला. पूर्वी देवळातल्या गाण्यात गायिकेला दाद म्हणून बांबूच्या पट्ट्या, म्हणजे 'त्रू', मिळत आणि शेवटी त्या मोजून बिदागी ठरे.

गायिका ओठ जेमतेम उघडते, पण गळ्यातून बारीक कण टपटप सुटत राहतात. याला 'नाय हात' म्हणतात. त्यातला 'हात' म्हणजे दाणा. आपण तानेला दाणेदार म्हणतो, तोच दाणा इतक्या लांब भेटला आणि अंगावर काटा आला.

या गायिकांना 'को दाउ' म्हणत. आपल्या कमाईतला वाटा त्या गुरूला देत, त्या पैशावरून हे नाव पडलं असं सांगतात. फ्रेंच अमदानीत खाम थिएन रस्त्यावर गाण्याच्या माड्या वाढल्या. तिथे गाणाऱ्यांबरोबर नुसतं मद्य ओतायला ठेवलेल्या मुलीही असत. गिऱ्हाइकांची बदनामी मात्र सगळ्या गाणाऱ्यांच्या माथी आली आणि 'को दाउ' ही शिवी झाली. १९४५ नंतर तर हे गाणं जवळजवळ मुकं झालं. आपल्या संगीतबारीतल्या बायकांनी हेच सोसलं, म्हणून मला ते फार लागलं. क्वाक थी हो (१९०९–२००१) यांचा आवाज संगीतज्ञ त्रान वान खे यांनी १९७६ मध्ये ध्वनिमुद्रित केला, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला या गाण्याची ओळख झाली. २००९ मध्ये युनेस्कोनं ते तातडीनं जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी खाम थिएनला गेले. दुकानं, दुचाक्या, आणि २६ डिसेंबर १९७२ च्या बॉम्बहल्ल्याचं स्मारक. माड्यांची खूण मला कुठेच दिसली नाही.

परतायच्या आधी पुन्हा त्याच देवळात जाऊन बसले. एक कडवं असं उतरलं की आजोबांची काठी कडेवर पडायच्या आधीच माझा हात मांडीवर पडला होता.